सहा मिलिमीटर

माझ्याकडे कुकीज शिकायला येणाऱ्या बायका आधी विचारतात, बटर कुठलं वापरता. मग ओव्हन किती डिग्रीला लावता, मग साचे कुठून आणता. लाटायचं कसं हे कुणीच विचारत नाही. जिने वीस-पंचवीस वर्षं रोज पोळ्या लाटल्या, तिने लाटणं काय शिकायचं? छापील कृतीतही त्या पायरीला एकच ओळ मिळते: गोळा पाव इंच जाडीचा लाटून घ्यावा. साच्याने कापायच्या कुकीजमधली जवळजवळ सगळी कटकट त्या एका ओळीत असते, असं माझं मत झालंय.

माझी बेकरी म्हणजे सिंहगड रस्त्यावरच्या राहत्या फ्लॅटची मागची खोली आणि तिला लागून बंद करून घेतलेली गॅलरी. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यात घरोघरी केक सुरू झाले, त्यांत मीही होते. पण केकवाल्या एकेका सोसायटीत तीन-तीन झाल्या, तशी मी कुकीजकडे सरकले. बारशाला पाळणे आणि बाळाचे बूट, डोहाळजेवणाला फुलं नि चंद्र, गणपतीत मोदकाचा आकार, डिसेंबरात तारे आणि झाडं, दिवाळीला ऑफिसांचे डबे. पुण्यात बिस्किटं विकायची म्हणजे एक तुलना ठरलेलीच. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीचं दुकान १९५५ पासूनचं, आणि पुणेकराच्या जिभेला बिस्किट म्हणजे तिथलं श्रूसबरी. ‘कयानीसारखी लागतात का हो?’ हे मला फोनवर हमखास विचारलं जातं. नाही लागत, असं मी सरळ सांगते. माझ्या कुकीज कापायच्या, आकार धरून भाजायच्या आणि वर आयसिंगने नाव लिहून द्यायच्या. त्यांनी भाजताना पसरून चालत नाही, फुगून चालत नाही आणि एका बाजूला कलून तर अजिबात चालत नाही.

पीठ साधंच असतं. एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, सगळं वजनावर. पिठीसाखर घ्यायची, बटर-साखर एकजीव होईपर्यंतच फेटायची, हलकी फुलवायची नाही, आणि बेकिंग पावडरला हात लावायचा नाही. एवढं पाळलं की आकार बऱ्यापैकी टिकतो. मग उरते जाडी.

एकाच ट्रेमध्ये काही कुकीज चार मिलिमीटरच्या आणि काही आठच्या असल्या तर काय होतं ते सांगते. उष्णता वरून आणि खालून आत शिरते. जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत पोचायला दुप्पट नाही, त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पातळ कुकीतलं पाणी लवकर उडतं, आणि पाणी उडालं की रंग झपाट्याने चढतो. म्हणजे पातळ कुकीच्या कडा तपकिरी होऊन कडवट वास सुटतो तेव्हा जाड कुकीचा मध्य ओला असतो. ट्रे बाहेर काढा, जाड कच्ची. आत ठेवा, पातळ करपली. दारापाशी उभं राहून पातळ तेवढ्या चिमट्याने काढत बसायचं, हा उपाय एका ट्रेला ठीक आहे, दिवाळीत नाही. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे एकाच कुकीत उतार असणं, एक बाजू पाच आणि दुसरी सात. ती एका बाजूने सोनेरी आणि दुसऱ्या बाजूने पांढरट निघते, आणि बघणाऱ्याला वाटतं ओव्हन खराब आहे.

पैशाचा हिशेबही याच जाडीवर चालतो. पाच सेंटिमीटरचा गोल साचा आणि सहा मिलिमीटर जाडी धरली तर कच्चा तुकडा साधारण १४ ग्रॅमचा होतो, भाजून साडेबारा-तेराच्या आसपास उतरतो. म्हणजे २०० ग्रॅमच्या डब्यात सोळा. डब्यावर निव्वळ वजन छापावं लागतं, आणि छापलं की तेवढं भरावंच लागतं. सहाची सात मिलिमीटर झाली की प्रत्येक नगाचं वजन सहाव्या हिश्श्याने वाढलं. डब्यात तेव्हा चौदाच बसतात आणि दोन खळगे रिकामे दिसतात. सोळाच भरले तर तीसेक ग्रॅम बटर-मैदा फुकट गेला. पाच मिलिमीटर झाली तर सोळा भरूनही वजन कमी. ग्राहक डबा उघडून नग मोजतो आणि तपासणारा वजन करतो. दोघांचंही समाधान व्हायचं तर जाडी एकच पाहिजे.

माझ्याकडे लाटायला मावशी आहेत. आधी एका खाणावळीत पोळ्या करायच्या. त्यांचा हात बघत राहावा असा. त्यांच्या लाटण्याखाली पोळी आपोआप गोल फिरते, त्या तिला बोट लावत नाहीत. लाटणं पुढे जाताना उजव्या हाताचा दाब किंचित जास्त पडतो, त्याने पोळी थोडी वळते, आणि पुढच्या फेरीला दुसरा भाग त्या हाताखाली येतो. अशी दहा-बारा वेळा फिरली की कमी-जास्त दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. शिवाय कणीक चिवट, ती ओढ घेऊन स्वतःला सावरते. आणि कड त्या मुद्दाम पातळ करतात. जाड कडेची पोळी म्हणजे शिकाऊ हात, हे त्यांनी खाणावळीत आलेल्या प्रत्येक नव्या पोरीला सांगितलेलं असणार.

हाच हात कुकीच्या पिठावर आला की उलटतो. हे पीठ फिरत नाही. बटरमुळे ते ठिसूळ, खाली चिकटलं की चिकटलं, उचललं तर तुटतं. उजव्या हाताचा जास्तीचा दाब पडला तिथेच राहतो, त्यामुळे उजवी बाजू पातळ. लाटणं कडेवरून उतरताना हात सवयीने खाली झुकतो, म्हणून कड पातळ. मध्ये मात्र टेकडी. मावशींनी लाटलेल्या पहिल्या मोठ्या चादरीला मी कॅलिपर लावला. मध्ये आठ, कडेला चार. डोळ्याला ती चादर अगदी सपाट दिसत होती. यात त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. पोळीला जे हवं ते त्यांनी इथे बिनचूक केलं होतं.

यावरचा उपाय जगातल्या बेकरीवाल्यांना जुना आहे, पण मला तो शेजारच्या फ्लॅटमध्ये गिलावा चालू असताना पटला. गवंडी भिंतीवर आधी ठरावीक अंतरावर मालाचे छोटे ठिपके बसवतो, ओळंबा लावून ते एका पातळीत आणतो. मग मधली जागा मालाने भरतो आणि दोन टोकांच्या ठिपक्यांवर टेकवून लांब ॲल्युमिनियमची पट्टी ओढतो. जास्तीचा माल पट्टीबरोबर निघून येतो. ती पट्टी ओढताना तो माणूस दुसऱ्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत होता. गिलाव्याची जाडी ठरवायचं काम त्याच्या हाताकडे राहिलेलंच नव्हतं, ते ठिपक्यांनी आधीच करून टाकलं होतं.

पिठाच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवायच्या आणि लाटण्याची टोकं त्यांवरून चालवायची. लाटणं पट्ट्यांवर टेकलं की पीठ त्याखाली जाऊच शकत नाही. बोहरी आळीत केकच्या सामानाच्या दुकानांत अशा पट्ट्यांचे तयार संच मिळतात, पण ते आखूड. मी दोन दुकानं सोडून हार्डवेअरवाल्याकडे गेले आणि ॲल्युमिनियमची सपाट पट्टी मागितली, तीन, पाच, सहा आणि दहा मिलिमीटरची. ‘खिडकीला का?’ म्हणाला. बिस्किटाला म्हटल्यावर त्याने मापं पुन्हा विचारून घेतली. हातभर लांबीचे जोड कापून, कडांना कानस मारून घरी आणले. लाकडी पट्ट्याही चालतात, पण प्लायवूडच्या नावावर जाऊ नये. सहाचं म्हणून घेतलेलं प्लाय मोजलं तर साडेपाच भरतं, आणि अर्ध्या मिलिमीटरला डब्यातल्या एका नगाहून जास्त किंमत आहे. लाटण्याच्या टोकांना चढवायच्या रबरी कड्याही मिळतात. त्या दाबल्या की दबतात, आणि पीठ लाटण्यापेक्षा रुंद झालं की कड्या पिठावरच चढतात. मी त्या एका नातेवाईक मुलीला देऊन टाकल्या.

पट्ट्या आल्या आणि लगेच लाटण्याचं पितळ उघडं पडलं. आपलं घरचं लाटणं मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळतं असतं, पोळीसाठी ते तसंच हवं. पण टोकं पट्ट्यांवर टेकली की मधला फुगवटा पट्ट्यांच्या पातळीच्या खाली उतरतो, म्हणजे आता टेकडीच्या जागी दरी. एका कातारीकडून शिसवीचं सरळ लाटणं करून घेतलं, दीड फूट लांब, दोन इंच जाड. त्याला दोनदा सांगावं लागलं की मध्ये फुगवटा नको. सरळ आहे की नाही हे बघायची रीत सोपी आहे: काचेवर ठेवून मागून उजेड धरायचा, खालून कुठे फट दिसते का बघायचं. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन जरा हलतं, म्हणून श्रावणात आम्ही ही तपासणी पुन्हा करतो.

मग ओटा. ग्रॅनाइटच्या ओट्याला पाणी सिंककडे जावं म्हणून थोडा उतार दिलेला असतो. त्याने बिघडत नाही, कारण पीठ आणि पट्ट्या दोन्ही त्याच उतारावर असतात. बिघडतं ते दोन फरशांच्या सांध्याने. एक फरशी दुसरीपेक्षा नखभर वर असली की पट्टी तिथे पूल बांधते आणि खालच्या बाजूला पीठ जाड राहतं. पोळपाटाचं तर नावच नको. वापरून वापरून तो मध्ये खोलगट झालेला असतो आणि आपल्याला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. शेवटी काचवाल्याकडून टफन काचेचा तुकडा आणला. खाली ओलं फडकं घातलं की तो सरकत नाही.

एवढी सामग्री झाल्यावर प्रत्यक्ष लाटण्याचं. पुस्तकं सांगतात, गोळा फ्रिजमध्ये गार करा आणि मग लाटा. मी उलट करते. गार गोळा दगड होतो, त्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की कडांना भेगा पडतात, आणि जोरातूनच कमी-जास्त होतं. पीठ मिसळून झालं की लगेच, ते मऊ असताना, दोन बटर पेपरच्या मध्ये लाटायचं आणि चादर तशीच फ्रिजमध्ये सरकवायची. कापायचं मात्र गार झाल्यावर. पेपर असल्यामुळे पिठी लागत नाही. शंकरपाळ्याला पिठी चालते, इथे ती वरून बसते आणि कुकीचा पृष्ठभाग कोरडा, खरखरीत होतो, आयसिंग त्याला नीट धरत नाही.

सुरुवात लाटून करायची नाही, दाबून करायची. लाटणं आडवं ठेवून थोड्या थोड्या अंतरावर दाब देत जायचं, गोळा बोटभर जाडीचा चपटा होईपर्यंत. मग मधून बाहेर, मधून बाहेर, दर दोन फेऱ्यांनी कागदासकट पाव वळण द्यायचं. मावशींच्या पोळीचं फिरणं इथे कागद करतो. अधूनमधून वरचा कागद सोलून पुन्हा पसरायचा, चादर उलटी करून खालचाही तसाच, नाहीतर कागदाच्या सुरकुत्या पिठात रुतून रेघा उमटतात आणि गुलाबी आयसिंगखाली त्या लपत नाहीत. पट्ट्या या सगळ्यात केवळ बाजूला पडून असतात. लाटणं त्यांना शेवटच्या तीन-चार फेऱ्यांतच लागतं. ते लागलेलं कानाला कळतं. आधी कागदावरून मऊ, घसटल्याचा आवाज येत असतो, मग एका बाजूला टक्, मग दोन्ही बाजूंना लाकूड धातूवर चालल्याचा घरघर आवाज सुरू होतो, आणि हाताला होणारा विरोध एकदम संपतो. लाटणं मोकळं पळायला लागतं. तिथे थांबायचं. एकाच बाजूने आवाज येत असेल तर दुसरीकडे अजून उंचवटा आहे, लाटणं पट्टीवरून उचललं गेलंय. वाकून उजेडाकडे बघितलं की फट दिसते.

सगळं बटरच्या मर्जीवर चालतं, हेही सांगायला हवं. बटरमध्ये ८० टक्के तरी स्निग्धांश असतो आणि उरलेलं बहुतेक पाणी. १८ ते २० अंशांना ते वळतं पण वाहत नाही. त्याच्या पुढे ते भराभर ढिलं पडतं, आणि ३२-३५ अंशांना तर पूर्ण वितळतं. पीठ कागदावर तेलकट डाग सोडू लागलं की पट्ट्या, काच, शिसवी लाटणं, सगळं असून उपयोग नाही. सहा मिलिमीटरची चादर साच्यातून निघतानाच ओघळते.

चादर मोजून बरोबर सहा भरली, तरी एक गोष्ट मला बराच काळ छळत होती. गोल साच्याने कापलेल्या कुकीज भाजून किंचित लांबट निघायच्या. आकार बिघडायचा तोही सगळ्यांचा एकाच दिशेने. कारण मैद्यात आहे. बटर कितीही असलं, तरी त्यातल्या पाण्याने मैद्याला थोडा चिवटपणा येतोच, आणि एकाच दिशेने लाटलेलं पीठ ताणलेलं असतं. साच्याने कापलं की ते सुटं होतं आणि ज्या दिशेने ताणलं त्या दिशेने आखडतं. गोलाचा लंबगोल होतो, आणि आखडलेल्या दिशेला जाडी पुन्हा वाढते. मोठ्या बिस्किट कारखान्यांना हे चांगलं माहीत आहे. मारीसारखी बिस्किटं चादर लाटून कापतात. रोलरमधून जाडी उतरवत आणलेली ती चादर कापण्याआधी पट्ट्यावर मुद्दाम सैल, लाटा पडू देऊन नेतात, म्हणजे जे आखडायचं ते साच्याखाली येण्याआधीच आखडून घेतं. माझ्याकडे तसा पट्टा नाही, फ्रिज आहे. लाटून झालं की वरचा कागद एकदा सोलून सैल टाकायचा आणि अर्धा तास हात लावायचा नाही. गोल गोलच निघतात. दिशा बदलत लाटणं महत्त्वाचं आहे ते यासाठीही.

पण पट्ट्यांनी मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. जाडी सारखी नव्हती तेव्हा ट्रेमध्ये करपलेल्या कुकीज कुठेही असायच्या, एक इथे, दोन तिथे. त्यावरून काहीच ठरवता यायचं नाही. दोष ओव्हनचा, ट्रेचा, पिठाचा की हाताचा? ज्याला ज्याचा राग असेल त्याच्यावर ढकलायचं. मावशी ओव्हनवर ढकलायच्या, मी गुपचूप मावशींवर. जाडी एकसारखी झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं की आता काळपट कुकीज मागच्या डाव्या कोपऱ्यातच निघताहेत, प्रत्येक ट्रेला, त्याच चार जागा. एका ट्रेभर साध्या गोल कुकीज भाजून मी त्यांच्या रंगाचा कागदावर नकाशा काढला. आत थर्मामीटर ठेवला तर बटण १७० वर आणि आतला आकडा १८५.

दुरुस्तीला आलेला माणूस पहिल्या वाक्यातच म्हणाला, ‘ताई, लाटण्यात फरक असेल तुमच्या.’ आधी हे वाक्य ऐकून मी गप्प बसले असते, कारण ते खरं असू शकलं असतं. या वेळी कच्ची चादर फ्रिजमधून काढून काचेवर ठेवली आणि कॅलिपर त्याच्या हातात दिला. त्याने चार कोपरे मोजले, मधोमध मोजलं, मग न बोलता ओव्हनच्या मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या बाजूची एक पट्टी वाकली होती आणि दाराचं रबर एका बाजूने उठलं होतं. दोन्ही झालं, कोपरा बराच सुधारला. उरलेला फरक ट्रे अर्ध्यात फिरवून घालवतो.

त्यानंतर एकेक गुन्हेगार सापडत गेला. एक पातळ ट्रे ओव्हनमध्ये तापला की टण्कन वाजून वाकडा व्हायचा, त्यावरच्या कुकीज तिरक्या बसायच्या. तो भंगारात. काळ्या ट्रेवर बूड लवकर रंगतं, त्याला एक मिनिट कमी. नवीन आणलेल्या बटरच्या खेपेत पाणी जास्त असावं, कारण जाडी, ट्रे, कोपरा सगळं तेच असून कुकीज पसरल्या. पूर्वी हे मला कधीच कळलं नसतं. सात गोष्टी एकदम हलत असतील तर कुठलीच पकडता येत नाही. त्यातली एक खिळा ठोकून पक्की केली की बाकीच्या आपापल्या पायांनी समोर येतात, आणि कुकीजमध्ये खिळा ठोकायला सगळ्यात सोपी आणि स्वस्त गोष्ट जाडी आहे. दोन पट्ट्यांना मला एका किलो बटरएवढेही पैसे पडले नाहीत.

मावशींना पट्ट्या आवडल्या नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी त्या उचलून बाजूला ठेवल्या, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ठेवल्या. ‘पट्ट्यांनीच लाटायचं तर माझा हात कशाला पायजे ताई? ती परवा आलेली पोरगीसुद्धा लाटंल.’ आणि खरंच, घरी कधी लाटणं न धरलेली ती मुलगी आठवडाभरात मावशींएवढी सारखी चादर काढू लागली. मावशींचं दुखणं मानापुरतं नव्हतं, त्यात पगार होता. पोळीवाल्या बाईला हाताचे पैसे मिळतात. तो हात दोन ॲल्युमिनियमच्या तुकड्यांत आला तर उद्या पैसे कशाचे मागायचे? हा प्रश्न मला खोटा वाटला नाही आणि अजूनही वाटत नाही.

पण काम जसं वाटलं गेलं तसं माझ्या लक्षात आलं की मावशी ज्यात न बदलता येण्यासारख्या आहेत ती जागा लाटण्याच्या आधीची आहे. पीठ मिसळून झालं की त्या अंगठा दाबून बघतात. ‘मोहन जास्त झालंय’, किंवा ‘अजून दोन मिनिटं राहू दे, मग लाटा.’ वाटीभर बटर तेच, मैदा तोच, पण पावसाळ्यात मैदा दमट असतो, डिसेंबरात सकाळी बटर वळत नाही, हे त्यांच्या अंगठ्याला कळतं आणि माझ्या थर्मामीटरला निम्मंच कळतं. आता त्या पीठ बघतात, पोरगी लाटते, मी भाजते, आणि मावशींचे पैसे पोरीपेक्षा जास्त आहेत. कापून उरलेल्या कडाही त्यांच्याकडेच जातात. त्या पुन्हा मळायच्या नसतात, मळल्या की मैदा चिवट होतो आणि कुकी कडक निघते. कडेला कड लावून, तुकडे नुसते जुळवून, पुन्हा कागदात घालून दाबायचं. दुसऱ्यांदा लाटलेल्या चादरीतून नावाच्या कुकीज आम्ही काढत नाही, तिच्यातून छोट्या साध्या गोल निघतात आणि त्या चहाच्या पाकिटात जातात. तिसऱ्यांदा लाटायचं नाही. जे उरेल ते भाजून चुरा, घरच्या मुलांना.

पट्ट्यांचा आकडाही कामाप्रमाणे बदलतो. नाव लिहायच्या कुकीजना सहा. जोडाच्या, मध्ये जॅम घालायच्या असतील तर तीन, नाहीतर दोन मिळून तोंडात मावत नाहीत. काडीवर लावायच्या, मुलांच्या वाढदिवसाच्या, त्या दहा, कारण काडी आत शिरताना पीठ फाटतं. दहाच्या कुकीज ओव्हन थोडा उतरवून जास्त वेळ भाजायच्या. गिऱ्हाईक फोनवर ‘जरा जाडच करा, मस्त लागतात’ म्हणतं तेव्हा मी त्याला किती मिलिमीटर ते विचारत नाही, पण डब्याचा भाव मात्र त्याच आकड्याने सांगते.

एप्रिलच्या मध्यापासून हे सगळं बंद असतं. पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, मागच्या खोलीत एसी लावून भाव परवडत नाही, आणि चादर फ्रिजमधून काढून साचा घालेपर्यंत ढिली पडते. तेव्हा आम्ही नानकटाई करतो. ती लाटायची नसते, तळहातावर वळून हलकी दाबायची, सारखेपणा हवा तर प्रत्येक गोळा वजन करून घ्यायचा. ते काम पूर्ण मावशींचं, आणि काट्यावर ठेवलेला त्यांचा गोळा एखाद्या ग्रॅमनेच इकडेतिकडे असतो. मे महिन्यात कुणी बारशाला नावाच्या कुकीज मागितल्या तर मी नानकटाई घ्या म्हणते. घाई असलेले घेतात. बाकीचे बारसं लांबणीवर टाकू शकत नाहीत म्हणून केकवालीचा नंबर मागतात, आणि तोही मी देते.